घरच्या टेबलावरचा सोल्डर पॉट: तारेच्या टोकाला नेमके काय होते?

सोल्डर पॉट म्हणजे वितळलेल्या सोल्डरची, म्हणजे तारा जोडायच्या कथलाच्या मिश्रधातूची, छोटी वाटी; तारेचे टोक तिच्यात बुडवले की त्यावर सोल्डर चढते. एक-दोन तारा जोडायच्या असतील तर या पॉटच्या वाटेला जाऊ नये. 25 वॅटचे आयर्न, रोजिन (राळ) भरलेली सोल्डरची तार आणि स्थिर हात एवढ्यावर काम भागते. पॉट लागतो तो दोन प्रसंगी. एकसारख्या टोकांचा ढीग पडला असेल तेव्हा, म्हणजे सेन्सरच्या वायरी, एलईडीच्या माळा, एखाद्या पॅनेलचे हार्नेस (वायरींची बांधलेली जुडी). किंवा मग तारेवर इनॅमल, म्हणजे इन्सुलेशनचा वार्निशसारखा पातळ लेप, असेल तेव्हा. त्यातही इनॅमलच्या तारांचा पुंजका असेल तर पॉटशिवाय धड उपाय नाही.

इंडक्शन शेगडीची कॉइल पाहा. लांबून ती जाड दोरीसारखी दिसते, पण ती एक तार नसते. खूप बारीक तारा एकत्र पिळून ती बनवलेली असते आणि प्रत्येक तारेवर स्वतःचे इनॅमल असते. शेगडी साधारण 20 ते 40 किलोहर्ट्झला चालते. एवढ्या फ्रिक्वेन्सीला करंट तांब्याच्या गाभ्यातून न जाता पृष्ठभागालगत वाहतो. 25 किलोहर्ट्झला हा वाहता थर जेमतेम 0.4 मिलिमीटरचा. जाड तार वापरली तर आतले तांबे फुकट जाते, म्हणून एका जाड तारेऐवजी पुष्कळ बारीक तारा. हिला लिट्झ वायर म्हणतात.

आता या दोरीचे तुटलेले टोक पुन्हा लगला (वायर अडकवायच्या धातूच्या कडीला) जोडायचे आहे. पॉलिश पेपरने घासले तर बाहेरच्या तारा उघड्या पडतात, आतल्या तशाच झाकलेल्या राहतात. वरून सोल्डर छान चकाकते, मीटरचा बझर वाजतो, आणि प्रत्यक्षात निम्म्या तारा रिकाम्या बसलेल्या असतात. सगळा भार उरलेल्यांवर येतो, जोड तापतो आणि पुन्हा जळतो. हेच टोक पुरेशा तापलेल्या सोल्डरमध्ये बुडवले तर इनॅमल जळून निघते आणि लगोलग प्रत्येक तारेवर सोल्डर चढते. ब्लेड नाही, पॉलिश पेपर नाही.

एक अट मात्र आहे. तार तांब्याची हवी. स्वस्तातल्या काही शेगड्यांत कॉइल ॲल्युमिनियमची किंवा वरून तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. ब्लेडने आडवी कापून पाहावी. आत पांढरे दिसले तर पॉट गरमच करू नका. नेहमीच्या सोल्डरचा तिथे उपयोग नाही, आणि ॲल्युमिनियम उतरले तर पॉटमधली सोल्डरही बिघडते.

सोल्डर चिकटत नाही

पॉट म्हणजे गोट्याएवढी वाटी, तिच्याभोवती हीटर, खाली तापमानाचा डायल. घरगुती वापराच्या पॉटची वाटी 38 किंवा 50 मिलिमीटर व्यासाची असते. 38 ची वाटी 30 मिलिमीटर भरायची तर 63/37 सोल्डर सुमारे 285 ग्रॅम लागते. 63/37 म्हणजे 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसे. शुद्ध कथील 232 अंशांना वितळते, शिसे 327 ला, पण या प्रमाणात एकत्र आले की दोघे मिळून 183 लाच वितळतात, तेही एका झटक्यात, मधली लापशीसारखी अवस्था न येता. 60/40 मध्ये ती अवस्था काही अंशांपुरती येते. तारेच्या कामात तेवढ्याने बिघडत नाही, तरी दोन्ही मिळत असतील तर मी 63/37 घेईन.

ही सोल्डर तांब्यावर बसते तेव्हा गोंदासारखी चिकटलेली नसते. वितळलेले कथील तांब्याशी संयोग करते आणि दोघांच्या सीमेवर तांबे-कथलाच्या संयुगाचा एक अतिशय पातळ थर तयार होतो. जोड धरून ठेवतो तो हा थर. तो तयार व्हायला स्वच्छ तांबे लागते, पण हवेतले तांबे कधीच पुरते स्वच्छ नसते. त्यावर ऑक्साइड असते, आणि ऑक्साइडवर सोल्डर पसरत नाही, थेंब होऊन घरंगळते. ते ऑक्साइड काढायचे काम फ्लक्सचे.

कल्हईवाल्याला काम करताना पाहिले असेल तर यात नवीन काहीच नाही. तापलेल्या पातेल्यात तो नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो, कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील क्षणात सगळीकडे फिरवतो. नवसागर नसता तर कथील तांब्या-पितळेवर नुसते लोळले असते. पॉटमध्ये तेच चालते. फक्त कथील भांड्यावर जाण्याऐवजी तार कथलात येते.

फ्लक्स मात्र नवसागराचा नको. हार्डवेअरच्या दुकानात डबीत मिळणाऱ्या काही सोल्डरिंग पेस्टमध्ये झिंक क्लोराइड किंवा नवसागर असतो. पत्र्याच्या कामाला तो ठीक, पण तारेच्या लड्यांमध्ये, म्हणजे तिच्यातल्या पिळलेल्या बारीक तारांमध्ये, तो शिरतो, इन्सुलेशनखाली चढतो आणि पुढे महिनोन्‌महिने तांबे कुरतडत बसतो. वायरी हिरव्या पडलेल्या पाहिल्या असतील तर त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. तारेसाठी रोजिन, म्हणजे चिडासारख्या झाडांच्या डिंकापासून मिळणारी राळ. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून पातळ काकवीसारखी करावी आणि टोक त्यात बुडवून घ्यावे. मात्र अल्कोहोलची ही बाटली पॉटपासून हातभर तरी लांब आणि झाकण लावून ठेवा. आयसोप्रोपिलची वाफ 12 अंशांच्या पुढे कधीही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे बारा महिने. आणि टोक ओले असतानाच पॉटमध्ये घालू नये. अल्कोहोल उडून जाऊ द्यावे, नाहीतर तडतडते.

पॉटमध्ये भरायला सोल्डरची भरीव कांडी आणायची, रोजिन भरलेली रिळाची तार नाही. रिळाची तार वितळवली तर आतले रोजिन वर येऊन जळते, काळे होते, धूर करते, आणि ज्या कामासाठी ते होते ते काम करायला उरतच नाही. कांडी मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास सहज मिळते.

किती तापवायचे?

नुसत्या तांब्याच्या, पीव्हीसी इन्सुलेशनच्या वायरींना 63/37 साठी 250 ते 280 अंश पुरेत. त्याहून जास्त तापमानाने काम लवकर होते हे खरे, पण पीव्हीसी मागे सरकते, फुगते, पिवळे पडते. टेफ्लॉन किंवा सिलिकॉन इन्सुलेशन असेल तर एवढे जपावे लागत नाही.

इनॅमलचा मामला वेगळा. वाइंडिंगच्या तारेवरचे इनॅमल एकाच जातीचे नसते. पॉलियुरेथेन असेल तर ते 370 ते 390 अंशांना सोल्डरमध्येच विरघळून-जळून जाते. अशी तार ‘सोल्डरेबल’ म्हणून विकली जाते आणि तिचे आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयईसी 60317-20. काही पॉलिएस्टरइमाइड जातींना 450 च्या पुढे जावे लागते. आणि मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी क्लास 200 ची (क्लास म्हणजे इनॅमल किती उष्णता सोसते त्याचा वर्ग) दुहेरी थराची तार पॉटला अजिबात दाद देत नाही. ती बुडवली तर काळी होऊन तशीच बाहेर येते. तिला घासण्याशिवाय गत्यंतर नाही. रीळ घेतानाच दुकानदाराला क्लास विचारावा. त्याला सांगता आला नाही तर एक टोक घरी 390 ला पाच सेकंद बुडवून पाहावे, उत्तर समोर येते.

डायलवर आकडा छापलेला असतो म्हणून तेवढे तापमान आहे असे धरू नये. स्वस्त पॉटमध्ये 30-40 अंशांचा फरक सहज निघतो. मल्टिमीटरसोबत के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) असेल तर तो थोडा वेळ सोल्डरमध्ये धरून खरा आकडा पाहावा आणि डायलवर मार्करने खूण करावी. पॉटचा प्लग तीन पिनचा आहे ना आणि अर्थिंग बॉडीपर्यंत खरेच पोचते का, हेही त्याच मल्टिमीटरने पाहून घ्यावे. धातूच्या बॉडीचे हे यंत्र आहे आणि आपण त्यात हातात धरलेली तार घालणार आहोत.

बुडवताना काय पाहायचे

तार सोला, लड्यांना त्यांच्या मूळ वळणाच्या दिशेनेच पीळ द्या, टोक फ्लक्समध्ये बुडवा, वाळू द्या. मग पॉटकडे वळा. सोल्डरच्या तळ्यावर राखाडी पापुद्रा आलेला असेल; तो कथलाचे ऑक्साइड. स्टीलच्या पट्टीने तो बाजूला सारला की खाली आरसा दिसतो. हा आरसा काही सेकंदच टिकतो, म्हणून प्रत्येक टोकाआधी पट्टी फिरवायची. घाईत पापुद्र्यातूनच टोक घातले तर तो टोकाला चिकटून आत जातो आणि तार खरबरीत निघते.

आता टोक सरळ उभे धरून सावकाश आत सोडा आणि नजर तारेवर नाही, तार जिथे सोल्डरमध्ये शिरते त्या कडेवर ठेवा. सुरुवातीला तिथला पृष्ठभाग तारेभोवती खाली दबलेला दिसतो, जणू सोल्डर तिला बाहेर ढकलते आहे. तसे खरेच असते. तांब्याला तिने अजून स्वीकारलेले नसते. फ्लक्सचा धूर निघतो, आणि क्षणार्धात तीच कड उलटी होते, सोल्डर तारेला बिलगून वर चढते. टिनिंग, म्हणजे तारेवर सोल्डर चढणे, झाले ते त्या क्षणी. कारखान्यात वायरींची सोल्डर घेण्याची क्षमता तपासतात तेव्हा मशीन याच उलटण्याला किती वेळ लागला ते मोजते. साध्या वायरीला सेकंदभरात कड उलटते. त्यानंतर फार तर एक सेकंद थांबून, आत घातले त्याच वेगाने तार वर काढावी. झटक्याने काढली तर टोकाला थेंब लोंबतो.

इनॅमलच्या तारेत कड उलटायला जास्त वेळ लागतो. आधी बारीक बुडबुडे, धुराची वलये, काळे कण वर तरंगतात, मग कड वर चढते. 0.2 मिलिमीटरच्या तारेला 390 अंशांत दोन-तीन सेकंद, जाड तारेला किंवा लिट्झच्या जुडीला त्याहून अधिक, कारण आधी तेवढे तांबे तापायला हवे. सेकंद मोजत बसण्यापेक्षा कडेवर विश्वास ठेवावा. पाच-सहा सेकंदांतही ती उलटली नाही तर तार बाहेर काढावी. तापमान कमी आहे किंवा इनॅमल चुकीच्या जातीचे आहे, आणि जास्त वेळ धरून दोन्हींपैकी काहीच सुधारत नाही.

उलट नुकसान होते. वितळलेले कथील तांब्याला विरघळवते. तापमान जेवढे जास्त तेवढे झपाट्याने, आणि कथलाचे प्रमाण जास्त असलेल्या लेड-फ्री (बिनशिशाच्या) सोल्डरमध्ये तर फारच. 0.1 मिलिमीटरची तार 400 अंशांच्या लेड-फ्रीमध्ये रेंगाळली तर बुडवलेला भाग बारीक होतो किंवा नाहीसाच होतो. तार छोटी कशी झाली म्हणून माणूस बुचकळ्यात पडतो.

इन्सुलेशनपर्यंत सोल्डर पोचू देऊ नये. एक-दोन मिलिमीटर तांबे कोरडे राहिले पाहिजे. लड्यांमधल्या फटींतून सोल्डर केशाकर्षणाने वर ओढली जाते आणि इन्सुलेशनखाली गेली की तिथली लवचीक वायर काडीसारखी ताठ होते. वायर हलली की नेमकी त्या ताठ भागाच्या काठावर तुटते, आणि इन्सुलेशनखाली असल्यामुळे दिसतही नाही.

पॉटमधली सोल्डर म्हातारी होते

विरघळलेले तांबे कुठे जात नाही, पॉटमध्येच साठते. शिसेवाल्या सोल्डरमध्ये तांबे 0.3 टक्क्यांच्या पुढे गेले की इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत ते दूषित धरतात. आपल्या 285 ग्रॅममध्ये ही मर्यादा म्हणजे सुमारे 0.85 ग्रॅम तांबे. 0.2 मिलिमीटरच्या तारेचे 10 मिलिमीटरचे टोक साधारण 2.8 मिलिग्रॅमचे असते, म्हणजे अशी तीनशे टोके पूर्ण विरघळली तर आपण मर्यादेवर पोचतो. एरवी टोकातले थोडेच तांबे उतरते, त्यामुळे घरच्या वापरात पॉट बराच काळ चालतो. पण चालू ठेवून विसरणे, तुकडे आत पडू देणे असे होत राहिले तर एक दिवस सोल्डर रवाळ वाटू लागते, टोके खडबडीत निघतात. ते तांबे-कथलाच्या संयुगाचे खडे असतात.

शिसेवाल्या सोल्डरमध्ये त्यावर घरगुती इलाज आहे. हे खडे सोल्डरपेक्षा किंचित हलके असतात. पॉट 190 अंशांच्या आसपास आणून काही वेळ शांत ठेवला तर ते वर तरंगतात आणि पट्टीने काढता येतात. लेड-फ्रीमध्ये हे जमत नाही, कारण ती सोल्डरच हलकी असते आणि खडे तळाशी बसतात. शिवाय कथील जास्त असलेली ही सोल्डर वितळलेली असताना स्टीलची वाटीही हळूहळू खाते. तिच्यासाठी टायटॅनियमची वाटी लागते. लेड-फ्री घेणाऱ्याने हा खर्च आधीच धरावा. पितळेचे टर्मिनल पॉटमध्ये बुडवण्याचा मोह टाळावा. पितळेतले जस्त सोल्डरमध्ये अगदी थोडे उतरले तरी तिची पसरण्याची क्षमता जाते, आणि ते बाहेर काढता येत नाही.

कुठे टिनिंग करू नये

प्लगटॉपमध्ये किंवा एक्स्टेन्शन बोर्डात वायर घालण्याआधी तिला सोल्डर लावून देणारे पुष्कळ आहेत. दिसते सुबक, पण स्क्रूखाली टिनिंग केलेली वायर घालू नये. सोल्डर नेहमीच्या तापमानालाही दाबाखाली हळूहळू सरकते. आज घट्ट पिळलेला स्क्रू काही महिन्यांत सैल होतो, मग जोड तापतो, तापल्याने आणखी सैल होतो. गिझर-इस्त्रीच्या प्लगची एक पिन काळी पडण्यामागे हेही एक कारण असते. तिथे कोरड्या लड्यांवर थिंबल (टोकावर बसणारी धातूची टोपी) क्रिम्प करावे, म्हणजे पकडीने दाबून बसवावे. क्रिम्प करण्याआधीही सोल्डर नको, कारण तेच.

धूर, पाणी आणि शिसे

शिशाच्या वाफेची भीती सगळ्यांना वाटते. शिसे 1,749 अंशांना उकळते. 300-400 अंशांत त्याची वाफ नगण्य असते. नाकात जातो तो धूर रोजिनचा आणि इनॅमलचा. रोजिनचा धूर दम्याला कारणीभूत ठरू शकतो, आणि पॉलियुरेथेन जळताना आयसोसायनेट निघतात, जी त्याहून वाईट. एकदा शरीर त्यांना संवेदनशील झाले की पुढे थोडासा संपर्कही पुरतो. इनॅमलचे काम बंद खोलीत करू नये. खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेने लावून, पॉट पंखा आणि आपल्या मध्ये ठेवून करावे. कापडी मास्क या वायूंना अडवत नाही.

शिसे शरीरात जाते ते हातावाटे. बाजूला सारलेल्या राखाडी पापुद्र्याची, म्हणजे ड्रॉसची, बारीक भुकटी होते. ती बोटांना, टेबलाला, चहाच्या कपाला लागते. म्हणून पॉट स्वयंपाकघरात नको, काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि लहान मूल जिथे रांगते तिथे हा उद्योग मुळीच करू नये. उरलेली सोल्डर ‘कथीलच आहे’ म्हणून कल्हईला देणे तर सरळ जेवणात शिसे कालवणे आहे.

पाणी मात्र तत्काळ धोक्याचे. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1,600 पट जागा मागते. सोल्डरच्या पृष्ठभागाखाली गेलेला एक थेंब वितळलेला धातू तोंडावर उडवू शकतो. ओली पट्टी, धुतलेली वायर, कपाळावरचा घाम, पावसाळ्यात दमटलेली सोल्डरची कांडी, सगळे याच हिशेबात येते. नवी कांडी पॉटच्या काठावर टेकवून आधी तापवावी, मग आत सरकवावी. चष्मा घालावा, पायात चप्पल नको, बूट असावेत.

काम झाल्यावर सोल्डर ओतून काढण्याची गरज नाही, वाटीतच थिजू द्यावी. वाटी गरम असताना पॉट हलवू नये. पुढच्या वेळी चालू करताना डायल लगेच शेवटपर्यंत फिरवू नका. कडेची आणि तळाची सोल्डर आधी वितळते, वरची खपली घट्ट असते, आणि आतली वितळून फुगलेली सोल्डर ती खपली फोडून चिळकांडी मारू शकते. कमी तापमानावर पूर्ण वितळू द्यावी, मग वाढवावे. काढलेला ड्रॉस झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, वर ‘शिसे’ असे लिहून ठेवावा. त्यात चांगली सोल्डरही बरीच अडकलेली असते. डबा भरला की तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावा.